मोटरसायकलने खंड ओलांडायचा आहे? आधी गाडीचे कागद बघा

‘कोणती मोटरसायकल घेऊ?’ परदेशातल्या लांब प्रवासाचे मनात घेतलेला माणूस मला पहिल्यांदा हेच विचारतो. माझे उत्तर ठरलेले आहे : दारात उभी असलेली, जिचे कर्ज फिटले आहे ती. मग मी त्याला आरसी, म्हणजे गाडीचे नोंदणी प्रमाणपत्र, समोर आणायला सांगतो आणि खरी कामे तिथून सुरू होतात.

२०१९ च्या मे महिन्यात आम्ही पाच जण पुण्याहून निघालो आणि सप्टेंबरअखेर हॅम्बुर्गला पोचलो. नेपाळ, तिबेट, शिनच्यांग, किरगिझस्तान, कझाकस्तान, रशिया, जॉर्जिया, तुर्कस्तान आणि पुढे बल्गेरियापासून जर्मनीपर्यंत. माझी गाडी रॉयल एनफिल्डची साधी हिमालयन ४११. रस्त्यावरच्या साडेचार महिन्यांपेक्षा निघण्याआधीचे सात महिने आम्हाला जड गेले, कारण काय कधी काढायचे हे सांगणारे कुणी नव्हते. त्यानंतर बऱ्याच जणांचे कागद माझ्याकडे बसून मार्गी लागले. त्यातून जे कळले ते इथे क्रमाने लिहितो आहे. व्हिसाचे नियम आणि नाक्यांची स्थिती महिन्या-महिन्याने बदलते, म्हणून पैसे भरण्याआधी त्या देशाच्या वकिलातीचे संकेतस्थळ स्वतः वाचा.

१. वाट ठरवा आणि कॅलेंडर उलटे मांडा

१९२३ साली मुंबईचे काही पारशी तरुण सायकलींवरून जगप्रदक्षिणेला निघाले, तेव्हा ते बलुचिस्तानातून सरळ इराणात उतरले. आज ती वाट आपल्याला बंद आहे. अटारीचा नाका एप्रिल २०२५ पासून बंद आहे, आणि त्याआधीही भारतीय नंबरच्या गाडीला तिथून परवानगी मिळवणे दुरापास्तच होते. पूर्वेला मणिपूरच्या मोरेहून म्यानमारमार्गे थायलंडला जाता येत असे, पण २०२१ च्या लष्करी उठावानंतर त्या वाटेवर कुणाला भरवसा देता येत नाही.

मग उरतात दोन मार्ग. एक, नेपाळमधून रसुवागढी-केरुंग नाक्याने तिबेटमध्ये शिरून चीन ओलांडायचा आणि मध्य आशियात उतरायचे. दुसरा, न्हावाशेवाहून गाडी जहाजाने किंवा मुंबईहून विमानाने पुढच्या एखाद्या देशात पाठवायची आणि तिथून सुरुवात करायची. पूर्वी बरेच जण बंदर अब्बासला गाडी उतरवून इराण-आर्मेनियामार्गे जात. इराणने भारतीयांची व्हिसामाफी नोव्हेंबर २०२५ मध्ये थांबवली आहे, आणि तिथली परिस्थिती पाहता मी सध्या कुणालाही त्या वाटेवर योजना बांधायला सांगणार नाही.

नेपाळच्या वाटेलाही पर्याय हाताशी ठेवा. जुलै २०२५ मध्ये आलेल्या पुरात रसुवागढीचा मितेरी पूलच वाहून गेला. अशा वेळी ‘नाका बंद असेल तर गाडी कुठून पाठवायची’ हे कागदावर लिहिलेले नसेल तर काठमांडूत बसून दिवस मोजावे लागतात.

वाट ठरली की कॅलेंडर शेवटाकडून सुरुवातीकडे भरा. तिबेट फेब्रुवारी-मार्चमध्ये परदेशी प्रवाशांना सहसा बंद असतो. नेपाळमधला काठमांडू ते रसुवागढी रस्ता पावसाळ्यात दरडींचा. म्हणजे एप्रिलअखेर ते मेअखेर सीमा ओलांडायची, जून-जुलै मध्य आशियात, सप्टेंबर संपण्याआधी युरोपातून बाहेर. मे महिन्यात विदर्भ आणि उत्तर प्रदेशातून चाळिशीच्या वरच्या उन्हात जावे लागते, त्याला इलाज नाही. पुणे ते नेपाळ सीमेवरचे सोनौली सोळा-सतराशे किलोमीटर आहेत. ते पहाटे चार ते अकरा या वेळातच काटा.

२. आरसी हातात घेऊन गाडीशेजारी बसा

हे काम दहा मिनिटांचे आहे आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होते. टॉर्च घ्या, फडक्याने चिखल पुसा आणि चासी नंबर, इंजिन नंबर एकेक अक्षर वाचून आरसीशी ताडून बघा. आमच्यातल्या एकाच्या आरसीवर इंजिन नंबरात आठच्या आकड्याऐवजी ‘बी’ हे अक्षर छापले गेले होते. नऊ वर्षांत ते कुणाच्या लक्षात आले नव्हते. आरटीओत दुरुस्ती होईपर्यंत दीड महिना गेला आणि हेलपाटे किती झाले ते त्यालाच माहीत. पुढचे सगळे कागद आरसीवरूनच उतरवले जातात. नाक्यावरचा अधिकारी मात्र आरसी बाजूला ठेवून चासी बघतो.

आणखी चार गोष्टी याच वेळी तपासा.

नाव : पासपोर्ट, आरसी आणि लायसन्सवरचे नाव सारखे हवे. आपल्याकडे कुठे वडिलांचे नाव मध्ये असते, कुठे फक्त आद्याक्षर, कुठे आडनाव आधी. भारतात याने कुणाचे अडत नाही, बाहेर अडते.

कर्ज : आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो आधी उतरवा. हप्ते संपले म्हणून बोजा आपोआप जात नाही. बँकेचे नाहरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओत जावे लागते. कर्ज चालूच असेल तर गाडी देशाबाहेर नेण्यासाठी बँकेची लेखी परवानगी घ्या.

मालकी : गाडी वडिलांच्या किंवा भावाच्या नावावर असेल तर ती स्वतःच्या नावावर करून घेणेच बरे. अधिकारपत्र चालते, पण प्रत्येक नाक्यावर ते समजावून सांगण्यात वेळ जातो.

नंबरप्लेट : इंग्रजी अक्षरे आणि आकडे, कंपनीची उच्च सुरक्षा पाटी. मागे ‘आयएनडी’ या तीन अक्षरांचे पांढरे लंबगोल स्टिकर लावा. ही भारताची आंतरराष्ट्रीय खूण आहे.

३. कारनेट : गाडीचा पासपोर्ट

माणूस दुसऱ्या देशात जातो तेव्हा तो परत जाणार याची खात्री व्हिसा देतो. गाडी तिथेच विकून टाकली जाणार नाही आणि आयात शुल्क बुडणार नाही, याची हमी कारनेट देते. पूर्ण नाव ‘कारनेट द पासाज आं दुआन’. भारतात त्यासाठी बहुतेक स्वार मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनकडे जातात. गाडीची किंमत आणि तुम्ही कोणकोणत्या देशांत जाणार, यावर अनामत किंवा बँक हमीची रक्कम ठरते. ती परत मिळते, पण प्रवासभर अडकून राहते. खर्चाचा हिशेब करताना ही रक्कम ‘परत येणारच’ म्हणून बाजूला टाकू नका, कारण त्या वर्षभर ती तुमच्या हातात नसते.

प्रत्येक प्रवासाला कारनेट लागते असे नाही. पाकिस्तान, इराण, इजिप्त, केनिया, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया या देशांना ते हवे असते. मध्य आशिया, रशिया, तुर्कस्तान, युरोप, दोन्ही अमेरिका इथे कुणी विचारत नाही, तिथे नाक्यावरच तात्पुरत्या आयातीचा कागद करतात. नेपाळमध्ये भारतीय गाड्यांना ‘भन्सार’ म्हणजे दिवसांवर आकारला जाणारा परवाना मिळतो आणि नुसते नेपाळ फिरून परतणाऱ्याला तो पुरतो. आम्ही तिथेही कारनेट वापरले, कारण एका नाक्याने शिरून दुसऱ्या देशाच्या नाक्याने बाहेर पडायचे होते. भारतातून गाडी बाहेर गेल्याची नोंदही त्यावर राहिली आणि परतीच्या वेळी ती उपयोगी पडली.

कारनेटचे पान समजून घ्या. प्रत्येक पानाचे तीन आडवे भाग असतात. देशात शिरताना खालचा भाग अधिकारी फाडून घेतो. बाहेर पडताना मधला फाडतो. वरचा भाग पुस्तिकेत राहतो आणि त्यावर दोन शिक्के हवेत : आत आल्याचा आणि बाहेर गेल्याचा. तुमची अनामत या वरच्या भागावरच्या दोन शिक्क्यांवर टांगलेली असते.

आम्ही इथेच चुकलो. एका नाक्यावर पाऊस, ट्रकांची रांग, मागून हॉर्न. सोबतच्या एकाने कारनेट परत घेतले ते न उघडताच जॅकेटमध्ये सारले. मधला भाग फाटला होता, पण वरच्या भागावर बाहेर पडल्याचा शिक्का नव्हता. दोनशे किलोमीटर पुढे मुक्कामी लक्षात आले, आणि तोवर आम्ही त्या देशाबाहेर होतो. अशा वेळी गाडी मायदेशी पोचल्यावर ती तिथेच असल्याचा दाखला सीमाशुल्क अधिकाऱ्याकडून कारनेटच्या शेवटच्या भागावर घेता येतो, आणि त्याने प्रकरण मिटले. पण पाच महिने त्या माणसाच्या डोक्यावर ते ओझे राहिले. म्हणून नियम करा : खिडकीसमोरून हलण्याआधी पान उघडून दोन्ही शिक्के, तारीख आणि गाडीचा नंबर मोठ्याने वाचायचा, आणि लगेच फोटो काढायचा.

कारनेट एक वर्ष चालते. हौसेने फार लवकर काढले तर शेवटचे महिने कमी पडतात.

४. लायसन्स, व्हिसा, विमा

आंतरराष्ट्रीय वाहन परवाना तुमच्या आरटीओतून मिळतो, अर्ज ऑनलाइन करता येतो. फॉर्म ४-अ, हजार रुपये शुल्क, एक वर्ष मुदत. मूळ लायसन्सची मुदत त्याआधी संपत असेल तर ते आधी नूतनीकरण करून घ्या. मूळ लायसन्स नेहमी सोबत हवे, एकटा परवाना कुठेच पुरत नाही. चीन हा परवाना मानत नाही, तिथे वेगळे तात्पुरते लायसन्स करावे लागते.

पासपोर्ट साठ पानांचा काढा. छत्तीस पाने शिक्के आणि चिकटवलेल्या व्हिशांनी बघता बघता भरतात.

व्हिशांचा क्रम हा या साऱ्या खटाटोपातला सगळ्यात नाजूक भाग आहे. शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बहुतेक देशांचा मिळून एकच व्हिसा) प्रवासाच्या तारखेआधी सहा महिन्यांपेक्षा लवकर अर्ज करता येत नाही, आणि अर्ज तुम्ही राहता त्या देशातूनच करायचा असतो. ‘वाटेत किरगिझस्तानात, बिश्केकला काढू’ हा बेत फसतो. समजा १ मे रोजी निघून १५ ऑगस्टला युरोपात शिरायचे आहे, तर अर्जाची खिडकी १५ फेब्रुवारीला उघडते आणि निघण्याआधी पासपोर्ट हातात यायला हवा. त्याच पासपोर्टवर बाकीचे व्हिसेही त्याच अडीच महिन्यांत. पासपोर्ट एका वेळी एकाच ठिकाणी असू शकतो, म्हणून तारखांचा तक्ता करून भिंतीवर लावा.

शेंगेन व्हिसाचा आणखी एक फायदा आहे, आणि त्यातच सापळाही. तो वैध असेल तर जॉर्जिया भारतीयांना व्हिसाशिवाय आत घेतो आणि तुर्कस्तानचा ई-व्हिसा मिळतो. पण व्हिशावर ‘पासून’ अशी जी तारीख छापलेली असते, तिच्या आधी तो वैध नसतो. तुम्ही जॉर्जियाच्या नाक्यावर २० जुलैला आणि व्हिसा १५ ऑगस्टपासून, तर तो त्या दिवशी निरुपयोगी. तारखा अशा पडणार असतील तर या दोन देशांचे व्हिसे स्वतंत्रपणे घरूनच काढा. शेंगेनमध्ये १८० दिवसांत ९० दिवस राहता येते, आणि त्यात आता बल्गेरिया आणि रोमानियाही पूर्णपणे धरले जातात. २०१९ मध्ये ते शेंगेनबाहेर होते, त्यामुळे आमच्या वेळच्या प्रवासवर्णनांवरून दिवस मोजू नका.

बाकीचे थोडक्यात : कझाकस्तान भारतीयांना एका वेळी १४ दिवस व्हिसाशिवाय राहू देतो, आणि तो देश इतका रुंद आहे की १४ दिवस कमी पडतात. किरगिझस्तान, उझबेकिस्तान, ताजिकिस्तान आणि रशिया यांचे ई-व्हिसे आहेत. पामीर महामार्गाने जाणार असाल तर ताजिकिस्तानच्या अर्जातच गोर्नो-बदख्शान प्रांताचा परवाना मागा. ई-व्हिसा ठरावीक नाक्यांवरच चालतो. तुमचा नाका यादीत आहे का ते नावानिशी बघा.

विम्याचे तीन वेगवेगळे कागद आहेत आणि लोक ते एकच समजतात. तुमचा भारतातला गाडीचा विमा बाहेर चालत नाही. नेपाळ, भूतान, बांगलादेश अशा शेजारी देशांपुरता तो जादा हप्ता भरून वाढवता येतो, तेवढेच. पुढे प्रत्येक देशात नाक्यावर तृतीय पक्ष विमा घ्यायचा. जॉर्जियात २०१८ पासून परदेशी गाडीला तो सक्तीचा आहे. एका देशाचा गाडीविमा दुसऱ्या देशांतही चालवणारी युरोपची ‘ग्रीन कार्ड’ पद्धत भारताला लागू नाही, म्हणून युरोपीय संघाच्या पहिल्या नाक्यावर सीमा-विमा घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. तिसरा कागद तुमच्या स्वतःच्या उपचारांचा. शेंगेनसाठी किमान ३०,००० युरोंचे संरक्षण लागते. पण पॉलिसीतले बारीक अक्षर वाचा. बऱ्याच प्रवास विम्यांत मोटरसायकल चालवताना झालेली दुखापत वगळलेली असते किंवा इंजिनच्या सीसीवर मर्यादा असते. लेखी उत्तर मागा.

सोबत ठेवायचे कागद :

– पासपोर्ट, व्हिसे, आठ-दहा फोटो
– आरसी मूळ (स्मार्ट कार्ड), लायसन्स, आंतरराष्ट्रीय परवाना
– कारनेट, लागत असेल तर
– बँकेचे किंवा मालकाचे अधिकारपत्र, नोटरी केलेले
– तिन्ही विमे
– गाडीच्या किमतीचा कागद
– डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी आणि रक्तगट
– सगळ्याच्या रंगीत झेरॉक्स दोन संच. एक टाकीवरच्या बॅगेत, एक सोबत्याकडे

५. चीन : एकट्याने जमत नाही

चीनमध्ये परदेशी गाडी आणायची तर परवानाधारक प्रवास कंपनी आणि पूर्ण वेळ सोबत राहणारा वाटाड्या सक्तीचा आहे. गाडीची सीमाशुल्क हमी, तात्पुरती नंबरप्लेट, तात्पुरते लायसन्स, तिबेटचा परवाना हे सगळे तीच कंपनी करते. खर्च गाड्यांवर वाटला जातो. एकट्याला तो झेपत नाही, पाच-सहा जणांत परवडतो. आमच्या एकूण खर्चापैकी जवळपास निम्मा हिस्सा चीनचा टप्पा आणि गाड्या परत आणण्याची वाहतूक या दोन गोष्टींनी खाल्ला.

भारतीयांसाठी चीनचे पर्यटक व्हिसे २०२० पासून बंद होते, ते जुलै २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाले. नेपाळमार्गे तिबेटला जाणाऱ्यांना आमच्या वेळी काठमांडूत गटाचा व्हिसा मिळाला : सगळ्यांची नावे एका कागदावर. त्याचा अर्थ असा की आत सगळ्यांनी एकत्र जायचे आणि बाहेरही एकत्रच पडायचे. गटातला एक आजारी पडला की सगळे थांबतात. म्हणून सोबती निवडताना त्याची गाडी बघू नका. तापात आणि भुकेत तो कसा वागतो ते सह्याद्रीतल्या एखाद्या चार दिवसांच्या भटकंतीत बघून घ्या.

नाक्यावर बॅगा, पुस्तके, फोन, कॅमेरे तपासतात. दलाई लामांचे चित्र किंवा पुस्तक, सीमावादाचे नकाशे यांतले काहीही जवळ ठेवू नका.

उंचीबाबत घाई नको. नाक्यापलीकडचे तिबेटातले केरुंग साधारण २,८०० मीटरवर आहे आणि पुढचा मुक्काम ४,३०० च्या वर. केरुंगला दोन रात्री काढाच, वाटाड्या घाई करत असला तरी. ल्हासाहून गोलमुडकडे जाताना तांगुला खिंड ५,२३१ मीटरवर लागते. तिथे डोके दुखत असेल, उलटी होत असेल, बोलताना शब्द अडखळत असतील तर फोटोसाठी थांबू नका, खाली उतरा. गोळ्यांबद्दल निघण्याआधी डॉक्टरांशी बोला.

पेट्रोल : चीनमध्ये बऱ्याच पंपांवर मोटरसायकलच्या टाकीत थेट नळी घालू देत नाहीत. आधी किटलीत घेऊन मग टाकीत ओतावे लागते. आमच्या मार्गाने केरुंगपासून किरगिझस्तानच्या सीमेवरच्या तोरुगार्त खिंडीपर्यंत पावणेपाच हजार किलोमीटर होतात, म्हणजे हे बरेच वेळा करायचे आहे. दिवसाच्या हिशेबात त्याला वेळ धरा.

६. तोरुगार्तच्या पुढे : एका कागदाकडे लक्ष ठेवा

३,७५२ मीटरवरची तोरुगार्त खिंड उतरून किरगिझस्तानात आलो तेव्हा आम्ही पाचही जण रस्त्याच्या कडेला नुसते बसून राहिलो. पुढे वाटाड्या नव्हता, आणि घोड्यांचे कळप हिरव्या उतारावर चरत होते.

तिथल्या नाक्यावर गाडीच्या तात्पुरत्या आयातीचा एक छापील कागद देतात. किरगिझस्तान, कझाकस्तान, रशिया, आर्मेनिया आणि बेलारूस यांचा सीमाशुल्क संघ एकच आहे, त्यामुळे हा कागद पाचही देशांत चालतो आणि मधल्या सीमांवर गाडीबद्दल कुणी विचारत नाही. नेमके याच कारणाने लोक तो विसरतात. संघाबाहेर पडताना, आमच्या बाबतीत रशियातून जॉर्जियात शिरताना, तोच कागद मागतात. त्यावरची शेवटची तारीख जागेवरच वाचा. अधिकारी कधी कधी तुमच्या व्हिशाच्या दिवसांइतकीच मुदत लिहितात. पुढे दोन देश बाकी आहेत हे नकाशा दाखवून सांगा आणि मुदत तिथेच वाढवून घ्या. नंतर ते फार कठीण जाते.

तुर्कस्तानात गाडीची नोंद तुमच्या नावावर होते. गाडी तिथे ठेवून विमानाने घरी येण्याचा प्रसंग आला तर आधी सीमाशुल्क कार्यालयात जावे लागते. युरोपीय संघात भारतीय नंबरची गाडी सहा महिने ठेवता येते, तुमचे स्वतःचे ९० दिवस मात्र वेगळे मोजायचे.

७. गाडी आणि सामान

याबद्दल सगळीकडे भरपूर लिहिले जाते, म्हणून मी थोडेच लिहितो. ओळखीच्या मेकॅनिककडे चार रविवार बसा आणि पंक्चर, चेन, ब्रेक पॅड, क्लच केबल स्वतःच्या हाताने बदलायला शिका. हिमालयनसारख्या स्पोकच्या चाकांत ट्यूब असते. मागचे चाक काढून ट्यूब बदलून पुन्हा बसवणे तासाभरात जमले की तुम्ही तयार आहात.

सोबत : टायर लिव्हर तीन, पुढची-मागची ट्यूब, हवेचा पंप, क्लच आणि अॅक्सिलरेटर केबल (जुन्या केबलशेजारी आधीच बांधून ठेवलेली), क्लच-ब्रेकचे लिव्हर, ब्रेक पॅड, चेनची जोडकडी, प्लग, फ्यूज, ऑइल फिल्टर, एम-सील, केबल टाय, लोखंडी तार. निघताना नवी चेन-स्प्रॉकेट बसवा. मागचा टायर बिश्केकपर्यंत जेमतेम पोचतो, तिथे नवा मिळतो.

सामान बांधून झाले की वजन करा आणि एक तृतीयांश घरी ठेवा. आम्ही काठमांडूहून बारा किलोंचे पार्सल परत पाठवले.

साखळी-कुलूप चांगले घ्या. प्रवासाच्या शेवटी, सुरक्षित वाटणाऱ्या शहरांत माणूस सैल होतो. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबईहून इंग्लंडपर्यंत गेलेल्या एका स्वाराची मोटरसायकल नॉटिंगहॅममध्ये दिवसाढवळ्या चोरीला गेली, सामानासकट. पासपोर्ट आणि कारनेट गाडीवर कधीच ठेवू नका, चहाला उतरलात तरी.

८. पैसे, औषधे, उपग्रह यंत्र

भारतातली व्हिसा किंवा मास्टरकार्डची कार्डे मार्च २०२२ पासून रशियात चालत नाहीत. डॉलर किंवा युरोच्या नव्या, न दुमडलेल्या नोटा न्या आणि तीन ठिकाणी विभागून ठेवा.

आपल्याकडे मिळणारी कोडीन असलेली खोकल्याची औषधे आणि ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या जॉर्जियात आणि मध्य आशियात गंभीर गुन्हा ठरू शकतात. औषधांची पेटी डॉक्टरांसमोर उघडून एकेक घटक तपासा.

वाळवंटात उपयोगी म्हणून बाहेर कुणी उपग्रह संदेशयंत्र विकत घेतो आणि खिशात घालून घरी येतो. भारतात परवान्याशिवाय ते बाळगता येत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्यात दाबोळी विमानतळावर एका कॅनडियन धावपटूला त्यावरून ताब्यात घेतले होते. परतण्याआधी ते तिकडेच कुणाला देऊन टाका.

९. गाडी परत आणताना

परतीची वाहतूक निघण्याआधीच ठरवा, निदान दोन दरपत्रके तरी घ्या. हॅम्बुर्गला पोचल्यावर शोधायला लागलात तर मिळेल तो दर द्यावा लागतो.

विमानाने गाडी लवकर येते, पण भाडे वजनावर किंवा आकारमानावर, जे जास्त त्यावर. आकारमानाचे वजन काढायला खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ६,००० ने भागतात. २२० × ९० × १२० चा खोका ३९६ किलोंचा धरला जातो, गाडी दोनशेची असली तरी. पुढचे चाक, आरसे, काच काढून हँडल खाली केले आणि खोका १९० × ९० × १०० झाला तर तोच आकडा २८५ वर येतो. एका दुपारच्या कामात शंभराहून जास्त किलोंचे भाडे वाचते.

जहाजाने आणताना आम्ही पाच गाड्या मिळून वीस फुटी कंटेनर घेतला. एकट्या गाडीला दुसऱ्यांच्या मालासोबत जागा मिळते आणि त्याचा दर घनमीटरवर असतो. इथला मोठा सापळा म्हणजे स्वस्त दरपत्रक. त्यात बहुतेकदा फक्त समुद्राचे भाडे असते. उतरल्यावर बंदराचा आकार, डिलिव्हरी ऑर्डर, गोदामाचे दिवसाचे भाडे, एजंटची फी हे वेगळे, आणि ते कधी कधी भाड्याहून जास्त भरते. ‘न्हावाशेवाच्या गोदामातून गाडी माझ्या हातात येईपर्यंत एकूण किती?’ असेच विचारा आणि ईमेलवर उत्तर घ्या.

लाकडी खोक्यावर ‘आयएसपीएम १५’ चा शिक्का हवा, म्हणजे लाकडावर कीडनाशक प्रक्रिया झाल्याची खूण. पेट्रोल काढून टाका, बॅटरीच्या तारा सोडा. खोक्यात कपडे, मसाले, भेटवस्तू भरू नका. गाडीखेरीज जे निघेल त्याचे वेगळे प्रश्न उभे राहतात आणि सगळा खोका अडकतो.

गाडी आली की कस्टम एजंटमार्फत ‘बिल ऑफ एंट्री’, म्हणजे आयातीचे नोंदपत्र, भरावी लागते. बाहेर गेलेली गाडी हीच, हे चासी नंबर आणि बाहेर जातानाच्या नोंदीवरून सिद्ध झाले तरच आयात शुल्क टळते. त्यासाठी जाताना भारतीय नाक्यावर दिलेली पावती किंवा शिक्का जपून ठेवायचा. त्याच भेटीत कारनेटवर शेवटची नोंद करून घ्या, प्रत्येक पानाची झेरॉक्स काढा, मग पुस्तिका जमा करून तारखेची पोच घ्या. अनामतीचा अर्ज त्या पोचेवर चालतो.

आणि गोदामात जाण्याआधी गाडीचा भारतातला विमा आणि पीयूसी बघा. आमच्यापैकी दोघांचा विमा प्रवासातच संपला होता, आणि न्हावाशेवाहून पुण्यापर्यंत त्यांच्या गाड्या टेम्पोत घालून आणाव्या लागल्या. उरलेल्या तिघांनी दोन लिटर पेट्रोलची बाटली, पंप आणि दहा नंबरचा पाना सोबत नेला होता. बॅटरीच्या तारा जोडल्या, हवा भरली आणि गाड्या गोदामाच्या फाटकातून चालवतच बाहेर आणल्या.